होसकोट्याचे शिलालेख आणि राइस घराणे

बंगळुरूहून कोलारमार्गे मद्रासेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, दक्षिण पिनाकिनी नदीच्या डाव्या तीरी, शहरापासून सुमारे 18 मैलांवर वसलेले होसकोटे आज महामार्ग, गोदामे आणि कारखाने यांच्या वेढ्यात सापडले आहे. तरी अविमुक्तेश्वराच्या देवळातील कोरीव दगड आणि गावाजवळचा तो अफाट तलाव पाहिला, म्हणजे या स्थळाचे वय ध्यानात येते. 1595 च्या सुमारास सुगटूरचा पाळेगार तम्मे गौड याने येथे नवा कोट बांधला. तलाव तुडुंब भरला म्हणजे त्याचा परीघ दहा मैलांपर्यंत जात असे, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. आणि ज्या प्रदेशात पावसाचा एक हंगाम चुकला की गावेच्या गावे उठत, तेथे एवढे पाणी अडवून ठेवणाऱ्या माणसाची कीर्ती किल्ल्याहून तलावानेच अधिक टिकवली, यात नवल नाही.

मराठी वाचकास हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे या ठाण्यांबरोबर होसकोटेही समाविष्ट झाले. सव्वाशे वर्षांनी, 1768 च्या ऑगस्टात, इंग्रजांचा दोस्त म्हणून गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांची छावणी याच गावाजवळ पडली असता हैदरअलीने तिच्यावर रात्री छापा घातला. त्या वेळी मुराररावांनी आपल्या शिलेदारांस घोड्यावर चढण्याची मनाई करून प्रत्येकाने आपापल्या जनावराच्या तोंडाशी उभे राहून लढावे असा हुकूम दिला, जेणेकरून अंधारात जो स्वार दिसेल तो शत्रूच समजावा, आणि या प्रसंगावधानाने छापा फसला. पुढे टिपूच्या पाडावानंतर पूर्णय्यांच्या दिवाणगिरीत, आणि 1831 नंतर इंग्रज कमिशनरांच्या अमदानीतही, म्हैसूरच्या जमाबंदीच्या दफ्तरात कानडीच्या जोडीने मराठी लेखणी चालत असे. अमीलदार, शेकदार, हुजूर कचेरी हे शब्द त्या मुलखात जसे रुळले होते तसेच ते आपल्याकडेही रुळले होते.

अशा या मुलखात, जेथे दोन भाषा एकाच दफ्तरात शेजारी शेजारी बसत आणि देवळातल्या देवाला कानडीतून आळवणारा माणूस पंढरीच्या विठ्ठलाचेच नाव घेई, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रापलीकडून आलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक येऊन राहिले. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन हँड्स 1810 मध्ये बळ्ळारीस पोचले. बंगळुरास त्याच सोसायटीचे काम 1820 मध्ये सुरू झाले. आणि त्याच वर्षी बळ्ळारीचे जोसेफ टेलर उत्तरेकडे जाऊन बेळगावी स्थिरावले, म्हणजे कानडी आणि मराठी या दोन्ही क्षेत्रांत एकाच संस्थेचे एकाच वेळी पाऊल पडले. या लोकांविषयी आपल्याकडे दोन प्रकारांनी लिहिले जाते. एक प्रकार त्यांच्या त्यागाचे गोडवे गातो, दुसरा त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या राज्यसत्तेकडे बोट दाखवतो; आणि दोन्ही प्रकारांत काही तथ्य असले तरी, घरदार सोडून पन्नास पन्नास वर्षे परक्या भूमीत राहिलेल्या या माणसांना तेथे सोबत कोणाची लाभली, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण त्यांच्या चरित्रांवरून आणि ग्रंथांवरून जे दिसते ते असे की, उपदेशक म्हणून ते व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा त्यांना श्रोते मिळाले, विरोधक मिळाले, क्वचित अनुयायीही मिळाले. परंतु मित्र मिळाले ते शिष्यभावाने ते कोणा मुन्शीपुढे, पंडितापुढे किंवा एखाद्या जीर्ण पोथीपुढे बसले तेव्हाच.

बेंजामिन राइस हे नाव बंगळुरात आजही अगदी विस्मृत नाही. गजबजलेल्या अव्हेन्यू रोडवर त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले प्रार्थनामंदिर उभे आहे. लंडन मिशनरी सोसायटीतर्फे ते 1837 मध्ये बंगळुरास आले आणि 1887 मध्ये मृत्यू येईपर्यंत, मोजून अर्धशतक, त्यांनी त्याच एका क्षेत्रात सेवा केली. त्यांच्या पुत्राने लिहिलेल्या चरित्राच्या नावातही हीच पन्नास वर्षे आहेत. कानडी भाषेवर त्यांनी मिळवलेले प्रभुत्व असे होते की, हँड्स यांनी सिद्ध केलेल्या कानडी बायबलाच्या संशोधित आवृत्तीच्या कामात त्यांचा प्रमुख भाग होता. शाळा, शालोपयोगी पुस्तके, प्रार्थनागीते या सर्वांत त्यांची लेखणी अखंड चालली. धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर कानडी मुलखातील या मिशनची पन्नास वर्षांची जमा फार मोठी नव्हती, आणि संख्येवरच ज्याची दृष्टी असेल त्याने हे आयुष्य निष्फळ ठरवले असते. परंतु जो मनुष्य रोज सकाळी परकी भाषा शिकत बसतो, तिच्यातल्या संधी आणि समास, म्हणी आणि आर्जवे कानांत साठवीत राहतो, तो हळूहळू त्या भाषेचा रहिवासी होतो, आणि मग त्याला लाभणारा स्नेह त्याच्या धर्मोपदेशाच्या यशापयशावर अवलंबून राहत नाही. राइस यांची मुले याच भाषेच्या शेजारात वाढली, आणि पित्याच्या कार्याचे खरे फळ त्या मुलांच्या आयुष्यात दिसले, असे माझे मत आहे.

तथापि या स्नेहाची किंमत कोणी दिली, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नाही तर हा इतिहास अर्धाच राहील. 1843 मध्ये मुंबईत रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात जे वादळ उठले त्यात बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने मुलाच्या बाजूने उभे राहून स्वतःवर लोकांचा रोष ओढवून घेतला. दुसऱ्याच वर्षी मंगळुरास बासेल मिशनचे हेर्मान म्योगलिंग यांच्या शिकवणुकीतून आनंदराव कौंडिण्य हा सारस्वत कुळातील तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचे पूर्वीचे घर त्याला अंतरले. ज्या मातेच्या मांडीवर मूल वाढले तिच्यापासून ते तुटले, हे दुःख कोणत्याही धर्माच्या जमाखर्चात बसवता येण्यासारखे नाही. त्या काळच्या मिशनरी अहवालांतून हे दुःख ज्या उत्साहाने विजय म्हणून नोंदले गेले, तो वाचताना मन विषण्ण होते. परदेशी उपदेशकाच्या पाठीशी सत्ता होती आणि तरुणाच्या पाठीशी कोणीही नव्हते; ही विषमता स्नेहाच्या आड पदोपदी येत राहिली.

पण म्योगलिंग आणि कौंडिण्य यांचे पुढचे आयुष्य पाहिले म्हणजे या विषमतेतूनही एक विलक्षण सख्य उभे राहिले हे मान्य करावे लागते. 1811 मध्ये जर्मनीत जन्मलेले म्योगलिंग 1836 मध्ये मंगळुरास आले. 1843 च्या जुलैत त्यांनी 'मंगळूर समाचार' हे कानडीतील पहिले वृत्तपत्र शिळाप्रेसवर छापून काढले. आणि 1846 मध्ये ते आनंदरावांना बरोबर घेऊन बासेलला गेले. तेथील मिशनगृहात आनंदराव इतर उमेदवारांच्या पंक्तीला बसून शिकले, 1851 मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, आणि ते स्वदेशी परतले ते कोणाचे हाताखालचे 'नेटिव' साहाय्यक म्हणून नव्हे, तर त्याच मिशनचे दीक्षित मिशनरी म्हणून; पुढे एका जर्मन स्त्रीशी विवाह करून 1893 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी त्याच पदाने काम केले. त्या शतकाच्या मध्यात ही गोष्ट किती दुर्मीळ होती, हे बाबा पदमनजींचे आत्मचरित्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. बेळगावी टेलर यांच्या शाळेत शिकलेले आणि त्याच गावी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा मराठीचे केवढे लेखक झाले! तरी मिशनच्या मंडळींत देशी आणि गोरा यांच्यामधले अंतर त्यांच्या पिढीला कायम सोसावे लागले. म्योगलिंग यांनी आपल्या शिष्याला बरोबरीचे आसन देण्याचा आग्रह धरला. आणि कोडगूमध्ये त्यांनी जी वसाहत उभी केली तिचे नाव आनंदपूर आहे.

याच म्योगलिंगांनी आणखी एक काम केले, आणि ते मराठी माणसाने विशेष कृतज्ञतेने आठवावे असे आहे. हरिदासांची जी पदे कर्नाटकात दारोदार तंबोऱ्यावर गाइली जात, ज्यांच्या अखेरीस पुरंदर विठ्ठलाची मुद्रा येते, ती पदे त्यांनी लोकांच्या तोंडून आणि पोथ्यांतून जमवून 1850 च्या सुमारास मंगळुरात छापली, आणि पुढे त्यांतील काहींचे जर्मन भाषांतर करून युरोपातील विद्वानांपुढे ठेवले. जो मनुष्य एका ईश्वराचा संदेश घेऊन आला होता, त्याने दुसऱ्याच्या भक्तीचे शब्द इतक्या काळजीने जपावेत, याचा अर्थ त्याची श्रद्धा डळमळली असा मुळीच नाही; म्योगलिंग अखेरपर्यंत निष्ठावंत ख्रिस्ती उपदेशकच राहिले. अर्थ एवढाच की, पंढरीच्या देवाचे नाव घेऊन कानडी गवई जे रडत होता ते रडणे त्यांनी ओळखले. त्याच सुमारास, 1849 मध्ये, स्कॉटिश मिशनचे डॉ. मरे मिचेल यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तुकोबांवर निबंध लिहिला. दोघांमध्ये शेकडो मैलांचे अंतर, दोघांच्या संस्था निराळ्या, भाषा निराळ्या, पण दोघेही एकाच दैवताच्या दाराशी जाऊन पोचले होते.

पुढे 1876 ते 1878 या काळात म्हैसूर संस्थानावर जो दुष्काळ कोसळला त्याने या सर्व मंडळींच्या कामाचे स्वरूप बदलून टाकले. 1871 च्या शिरगणतीत संस्थानची वस्ती 50 लाख 55 हजारांवर होती. 1881 मध्ये ती 41 लाख 86 हजारांवर आली, आणि दहा वर्षांत जी स्वाभाविक वाढ व्हावयाची तीही या तुटीत धरली म्हणजे प्राणहानीचा आकडा मनास सहन होत नाही. होसकोट्यापुढे त्याच रस्त्यावरील कोलार गावी मिस अॅन्स्टी या इंग्रज बाईंनी दुष्काळातील अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. तो पुढे 1890 मध्ये अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनकडे गेला आणि आज कोलारात जी मेथॉडिस्ट रुग्णालये व शाळा आहेत त्यांचे मूळ तेथे सापडते. भुकेने आलेल्या मुलास दिलेला धर्म हा खरा धर्म काय, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे; परंतु त्या दोन वर्षांत त्या रस्त्याने जी पोरे चालत गेली असतील त्यांच्या पुढे हा प्रश्न नव्हता. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे याच कानडी मुलखाच्या पश्चिम कडेला झाला होता, आणि दक्षिणेच्या यात्रेतच 1874 मध्ये त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे अन्नान्नदशेने गेले व पाठोपाठ आईही गेली. पुढे केडगावी दुष्काळपीडित स्त्रियांना ज्या हाताने त्यांनी कवटाळले, त्या हाताला ही दक्षिणेतील भूक ठाऊक होती.

दुष्काळाच्याच दिवसांत म्हैसूरचे पहिले विस्तृत गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते बेंजामिन लुइस राइस हे मिशनरी राइस यांचे पुत्र. 1837 मध्ये बंगळुरातच जन्मलेले, इंग्लंडात शिकून 1860 मध्ये बंगळूरच्या सरकारी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून परतलेले, आणि पुढे संस्थानचे शिक्षणखात्याचे प्रमुख झालेले. शाळातपासणीसाठी गावोगाव घोड्यावर हिंडताना देवळांच्या भिंतींवर, तलावांच्या बांधांवर, शेतांच्या बांधांत अर्धवट पुरलेल्या दगडांवर त्यांना अक्षरे दिसू लागली. आधी मेजर डिक्सन यांनी घेतलेल्या शिलालेखांच्या छायाचित्रांचे वाचन त्यांच्याकडे आले आणि त्यातून 1879 मध्ये 'म्हैसूर इन्स्क्रिप्शन्स' हा ग्रंथ झाला; पण छायाचित्रांवर त्यांचे समाधान होईना. म्हणून संस्थानच्या प्रत्येक तालुक्यात पंडित आणि नक्कलनवीस पाठवून, ओल्या कागदाने दगडाचे ठसे घेऊन, गावच्या पटेलास आणि शानभोगास विचारून त्यांनी जवळजवळ नऊ हजार लेख गोळा केले, आणि 1886 ते 1905 या काळात 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे 12 खंड प्रसिद्ध केले. 1892 मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरात अशोकाचे शासन त्यांनाच सापडले, आणि मौर्यांची सत्ता कोठपर्यंत पोचली होती याचा विचार विद्वानांना नव्याने करावा लागला.

या खंडांपैकी नववा खंड बंगळूर जिल्ह्याचा असून त्यात होसकोटे तालुक्याच्या लेखांस स्वतंत्र विभाग दिला आहे. जिल्ह्याच्या या लेखांत राजांच्या बिरुदावळी आहेत. पण तलाव बांधणाऱ्यास दिलेली जमीन, गाईंच्या सोडवणुकीसाठी मेलेल्या गावकऱ्याचा वीरगळ, देवाच्या दिव्यासाठी सोडलेले तेल, असल्या सामान्य माणसांच्या गोष्टीही राजांच्या पंक्तीला येऊन बसल्या आहेत. पिता ज्या मुलखात एक नवी वार्ता सांगत फिरला त्याच मुलखात पुत्र हजार वर्षांच्या जुन्या वार्ता ऐकत फिरला. या दोन कामांत विरोध नाही, असे मी म्हणेन. पित्याने कानडी भाषा इतक्या प्रेमाने घरात आणली नसती, तर पुत्राला दगडावरची जुनी कानडी परकीच राहिली असती. त्याच नवव्या खंडात बंगळूरच्या काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळचा 1669 चा लेख आहे, ज्यात शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी महानाडाच्या, म्हणजे प्रांतातील प्रमुखांच्या सभेच्या, विनंतीवरून मल्लापुरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे नमूद केले आहे. भोसल्यांचा शब्द मराठी इतिहासकारांच्या हाती त्या शिळेवरून आला तो एका लंडन मिशनच्या घरात जन्मलेल्या माणसाच्या परिश्रमामुळे, हे विसरता येत नाही.

आणि मराठी विद्वत्तेनेही हे ऋण काही अंशी फेडले. 'बिब्लियोथेका कर्नाटिका' या नावाने राइस यांनी जुने कानडी ग्रंथ छापण्याचा जो उपक्रम चालवला, त्यात 1898 मध्ये 'कविराजमार्ग' हा नवव्या शतकातला, कानडीत उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि त्याचे संपादन केले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील काशिनाथ बापूजी पाठक यांनी. कावेरीपासून गोदावरीपर्यंत कानडी देश पसरला आहे असे सांगणारा ग्रंथ पुण्याच्या पंडिताने शुद्ध करावा आणि बंगळुरात जन्मलेल्या इंग्रजाने तो छापावा, या घटनेत प्रांताभिमानाच्या आजच्या भांडणांना पुरून उरेल इतके औदार्य आहे. 1906 मध्ये राइस निवृत्त झाले तेव्हा त्यांचे पद आर. नरसिंहाचार यांच्याकडे गेले, म्हणजे लेख वाचण्याचे काम अखेर त्या लेखांच्या वारसांच्या हाती आले. स्वतः राइस यांना 1927 मध्ये इंग्लंडात मृत्यू आला.

त्यांचे बंधू एडवर्ड राइस मात्र पित्याच्या मार्गानेच गेले. तेही लंडन मिशनचे उपदेशक झाले आणि 1915 मध्ये त्यांनी कानडी वाङ्मयाचा छोटेखानी परंतु फार नेटका इतिहास लिहिला, ज्यात जैन कवी, वीरशैव वचनकार आणि वैष्णव हरिदास यांना समान आदराने जागा दिली आहे. हे पुस्तक ज्या 'हेरिटेज ऑफ इंडिया' मालेत निघाले त्याच मालेत 1919 मध्ये पुण्याचे निकोल मॅकनिकल यांनी ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याच 1919 साली ज्यांचे निधन झाले त्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते, आणि मॅकनिकल यांच्यासारख्या मित्रांनी त्या पुलावरून उलट दिशेने चालून तुकोबांची भेट घेतली.

टिळकांचे आणखी एक स्नेही, अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट, 1881 ते 1910 अशी जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्रात राहिले. मायदेशी परतल्यावर वार्धक्यात त्यांनी एकनाथ, तुकाराम, रामदास, बहिणाबाई यांची चरित्रे आणि रचना इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि 1932 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. महिपतींच्या 'भक्तविजया'चा त्यांचा अनुवाद त्यांच्या पश्चात 1933 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर अॅबट यांच्या नावाबरोबर पंडित नरहर गोडबोले यांचेही नाव छापलेले होते. एकोणिसाव्या शतकातील कित्येक कोश, व्याकरणे आणि भाषांतरे ज्या शास्त्री-मुन्शींच्या विद्येवर उभी राहिली त्यांचा उल्लेख प्रस्तावनेतल्या एखाद्या ओळीत उरकला गेला होता. येथे मात्र मिशनरी आणि पंडित एका ओळीवर, बरोबरीच्या टाइपात आले.